टेबलावर आलं ते रांगेचं

सरकारी ऑफिसच्या व्हरांड्यात रांगेत उभी असलेली माणसं द्राक्षं खाताहेत, असं दृश्य तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे. नुसती द्राक्षंच नाहीत. पेरू, ओल्या शेंगा, हुरडा, दिवाळीतली काजूकतली, आणि एकदा तर जिवंत कोंबडा. त्या कोंबड्यापायी पुढे जे झालं ते सांगायलाच बसले आहे, पण त्याआधी निकम साहेब सांगितले पाहिजेत.

तालुक्याचं नाव सांगत नाही. नाशिकहून डोंगराकडे निघालं की पेठ, हरसूल अशी नावं लागतात, त्याच अंगाचा एक तालुका समजा. माझ्या ओळखीची माणसं अजून तिथे नोकरीत आहेत, आणि माझ्याही पेन्शनीला अजून अवकाश आहे. तिथल्या पंचायत समितीत मी आवक-जावकच्या टेबलावर होते. माझं टेबल दाराशी, साहेबांच्या केबिनच्या तोंडावर. आत कोण गेलं, हातात काय घेऊन गेलं आणि बाहेर आलं तेव्हा तोंड कसं होतं, हे सगळं मला बसल्या जागी दिसायचं.

निकम साहेब तिथे गटविकास अधिकारी म्हणून आले. आले म्हणजे टाकले गेले. डोंगराकडे हौसेने कोणी येत नाही. ज्याचं खाली कुणा पुढाऱ्याशी वाजतं, त्याला वर टाकतात. म्हणजे आमच्या आदिवासी लोकांच्या वाट्याला जो साहेब येतो तो एकतर भांडून आलेला, नाहीतर खचलेला, नाहीतर बदलीच्या खटपटीत अर्धा आठवडा नाशिकला बसलेला. शिक्षा साहेबाला, आणि भोगायची लोकांनी. हे इतकं सरावाचं झालं आहे की यात काही चूक आहे असं कुणाला वाटतही नाही. निकम साहेब भांडून आलेल्यांपैकी होते.

दिसायला अगदी साधे. बुटके, काळेसावळे, जाड चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॉलरला मागून घडी घातलेला रुमाल. खुर्चीत बसले की चपला काढून टेबलाखाली नीट जोडीने ठेवायचे, जसं काही देवळात आले आहेत. कुठलाही कागद पुटपुटत वाचायचे. नाही म्हणायचं असलं की आधी दोनदा खाकरायचे. त्यामुळे साहेब खाकरले की अर्धी माणसं आपणहून उठायची. गाव सटाण्याकडचं. बोलणं एरवी आमच्यातुमच्यासारखं, पण चिडले किंवा हलले की अहिराणीत शिरायचे. मला ते आहेरताई म्हणायचे. आम्ही दोघं नाशिकहून एकाच एसटीने यायचो, पण बसमध्ये ते माझ्याशी ऑफिसचं अवाक्षर बोलायचे नाहीत. खिडकीबाहेर बघत बसायचे.

केबिनबाहेर भिंतीवर एक लाकडी फळा होता. आजवरच्या साहेबांची नावं आणि कधीपासून कधीपर्यंत, असं पिवळ्या रंगाने लिहिलेलं. पेंटर नाव लिहायला आला तेव्हा साहेबांनी त्याला परत पाठवलं आणि शाळेतून खडू मागवून स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. काशिनाथ, आमचा शिपाई, म्हणाला, "साहेब, खडू पुसून जाईल की हो." साहेब म्हणाले, "मीबी जाईन की. उगाच रंग कशाला वाया घालवायचा?" यावर हसावं की नाही ते आम्हाला कळलं नाही.

आता वानवळा. आमच्या नाशिक जिल्ह्यात शेतात माल निघाला की आधी तो नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी पोचवायची रीत आहे. मळ्यातली पहिली भाजी, बागेतली द्राक्षं, नवे गहू. त्याला वानवळा म्हणतात. त्याचे पैसे विचारायचे नसतात, आणि तो नाकारायचा तर मुळीच नसतो. नाकारला तर नातं तोडलं असा अर्थ होतो. फार सुंदर रीत आहे, मी स्वतः शेतकऱ्याची मुलगी आहे. पण ही रीत हळूहळू चालत ऑफिसातही आली. तलाठी, ग्रामसेवक, इंजिनियर, साहेब हे सगळे शेतकऱ्याचे नातेवाईक झाले. द्राक्षाच्या पेटीला लाच कोण म्हणेल? आणि जो घेतो त्याला ती पेटी पुढे कशी विसरता येईल?

साहेब आले तो द्राक्षाचा हंगाम होता. पहिल्याच आठवड्यात भाऊंचा माणूस तीन पेट्या घेऊन आला. भाऊ म्हणजे आमच्या तालुक्याचे भाऊ. पद असो नसो, त्यांना विचारल्याशिवाय तिथे पान हलत नाही. भाऊंच्या माणसाने पेट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "साहेब, भाऊंनी वानवळा धाडलाय. घरचा माल हाय."

साहेब खाकरले. काशिनाथला हाक मारली. "ह्या पेट्या बाहेर ने आणि रांगेत वाट. म्हाताऱ्यांना आधी."

माणूस गडबडला. "साहेब, तुमच्यासाठी हाय ते."

"भाऊंना माझा नमस्कार सांगा. वानवळा मी नाकारला नाही. पण टेबलावर आलं ते रांगेचं."

तेच वाक्य मग पुढे वर्षभर चाललं. कुणी चिकू आणो, कुणी कणसं. साहेब पेरूचं बी तोंडात घ्यायचे नाहीत, काशिनाथ रांगेत वाटायचा. रांगेतल्या लोकांना आधी भीती वाटली. एक म्हातारा द्राक्षाचा घड हातात धरून मला विचारत होता, "ताई, ह्याचा फोटो काढनार का कोनी?" मग सवय झाली. काशिनाथ मात्र तळमळायचा. आधीच्या साहेबांच्या काळात निम्मं त्याच्या घरी जायचं. "लय कडक सोवळं हाय ह्यांचं," तो मला म्हणायचा. "अशानं मानसं तुटत्यात, मॅडम."

भाऊ हसले म्हणे. पुढची पेटी त्यांनी थेट साहेबांच्या नाशिकच्या घरी धाडली. साहेबांच्या बायकोने ती घेतली. तिचं काय चुकलं, दारी आलेला वानवळा होता. दुसऱ्या दिवशी साहेब ती पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसलेले मी पाहिले. अर्ध्या वाटेत कंडक्टरने गमतीने विचारलं, "साहेब, आमाला नाय का?" साहेब म्हणाले, "ऑफिसात या. रांगेत उभे राहा." बसमध्ये हशा पिकला, पण साहेब गमतीने बोलले नव्हते.

दुसरी त्यांची खोड फोनची. कुठल्याही पुढाऱ्याचा फोन आला की ते तो समोरच्या माणसांसमोर स्पीकरवर टाकायचे. एकदा असाच भाऊंचा फोन आला. समोर घरकुलाच्या हप्त्यासाठी आलेली एक विधवा बसलेली, आणि भाऊ नेमके तिचंच नाव घेऊन सांगत होते, "साहेब, ती आपल्या विरोधातली हाय, जरा थांबवा." बाई ऐकत होती. साहेबांनी फक्त म्हटलं, "भाऊ, त्या माझ्यासमोरच बसल्या आहेत. तुम्हीच सांगा त्यांना." पलीकडून फोन बंद झाला. बाईचा हप्ता त्याच आठवड्यात निघाला. पण ती बाई खूश होऊन गेली नाही, घाबरून गेली. भाऊंचा आवाज तिने ऐकला होता, आणि तिला राहायचं भाऊंच्या गावात होतं. साहेब आज आहेत, उद्या नाहीत.

हे मला तेव्हाच कळायला लागलं होतं, साहेबांना कळत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष आपला हात स्वच्छ ठेवण्यावर होतं. त्यांच्या त्या सरळपणाचा मला अभिमानही वाटायचा आणि रागही यायचा.

करंजीपाड्याची माणसं पावसाळा सरता सरता आली. ओढ्यापलीकडचा पाडा. पाऊस लागला की ओढा भरतो आणि पाडा तुटतो. त्यांना साकव हवा होता. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, फार मोठं काम नाही. बोलायला पुढे झाली ती सोनीबाई. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कपाळावर हिरवं गोंदण. सोबत तिचा मुलगा आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून, जयवंती. जयवंती दारात उभी राहून भिंतीवरच्या फळ्यावरची नावं वाचत होती. तिला वाचता येतं याचं सोनीबाईला कोण कौतुक.

सोनीबाई म्हणाली, "पानी आला का आमी तठंच, सायेब. शाळा नाय, दवाखाना नाय, काय नाय. मागल्या साली एक पोर असाच गेला."

साहेबांनी पुटपुटत अर्ज वाचला आणि म्हणाले, "जागा बघायला मी येतो."

गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. निदान त्या लोकांना आशा लागली नसती. पण आम्ही गेलो. साहेब, काशिनाथ, बांधकामाचा एक इंजिनियर आणि मी. जीप जिथे थांबते तिथून पुढे चिखलातून पायी. चढावर साहेबांना दम लागला तेव्हा ते एका दगडावर बसले. समोरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरत होती. तिच्याकडे बघत त्यांनी एकदम, मी काही विचारलेलं नसताना, सांगायला सुरुवात केली.

त्यांच्या वडिलांची सटाण्याला डाळिंबाची थोडी बाग होती. दरवर्षी पहिला तोडा झाला की वडील त्यातली निवडक डाळिंबं पाटीत भरून, वर स्वच्छ फडकं टाकून, तलाठ्याच्या घरी पायी नेऊन द्यायचे. लहानपणी साहेबही बरोबर जायचे. "तलाठी पाटी आत घ्यायचा आणि बाप दारात उभा राहायचा. बस म्हणायचं नाही कोणी. बाप उगाच हसायचा. मी बापनं तोंड देखेल शे, ताई. अजून देखस." मग रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुणाचं तोंड तसं माझ्या दारात व्हायला नको. तेवढंच." तो दिवस सोडला तर त्यांनी स्वतःविषयी मला कधी काही सांगितलं नाही.

ओढ्यावर त्यांनी दोन काठांवरचे दोन खडक निवडले. पात्र तिथे अरुंद होतं आणि पाड्यातून थेट वाट येत होती. काशिनाथने आणलेला चुना त्यांनी स्वतः बोटांनी दोन्ही खडकांना लावला. "इथून इथे," ते म्हणाले. पाड्यातली पोरं त्या पांढऱ्या खुणांभोवती नाचायला लागली. प्रस्तावाचं काम सुरू झालं, अंदाजपत्रक झालं. साहेब स्वतः पाठपुरावा करत होते, खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली, नागली म्हणजे आपली नाचणी निघाली, आणि एका सकाळी सोनीबाई ऑफिसात आली. डोक्यावर नव्या नागलीचं गाठोडं, काखेत पाय बांधलेला लालभडक कोंबडा. पाड्यातून पायपीट करत आली होती. माझ्यासमोरून आत गेली तेव्हा तिचं तोंड उजळलेलं होतं. आपल्या पाहुण्याच्या घरी जावं तशी ती निघाली होती.

साहेब दोनदा खाकरले. काशिनाथ दारातून पुढे झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ह्या लोकांचं घ्यावं लागतंय. ह्यांच्यात वेगळं हाय." मला वाटलं, त्याचा डोळा कोंबड्यावर असावा, आणि तसा तो होताही. पण तो खरं बोलत होता.

"एकाचं घेतलं की सगळ्यांचं घ्यावं लागतं, काशिनाथ," साहेब म्हणाले. मग सोनीबाईकडे वळून मऊ आवाजात, "मावशी, तुमचं काम मी करतोच आहे. हे रांगेत जाईल. टेबलावर आलं ते रांगेचं."

नागली वाटली गेली. कोंबडा काही वाटता येईना. रांगेत ओढाताण झाली, हसणं झालं, शेवटी तो पहिल्या नंबरला उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत गेला. तो माणूस भाऊंच्या गावचा निघाला. सोनीबाई व्हरांड्यात उभी राहून हे सगळं बघत होती. कुणावर चिडली नाही. रिकामं फडकं झटकून घडी केलं आणि कमरेला खोचलं. पायऱ्या उतरताना ती आपल्या मुलाला जे म्हणाली ते मी ऐकलं.

"सायबानी घेतला नाय. आपला काम नाय व्हनार."

मी मागून गेले. म्हटलं, "सोनीबाई, तसं नाही गं. साहेब कुणाचंच घेत नाहीत. काम होणार आहे तुमचं." तिने मान हलवली, आम्ही लहान पोराला समजवताना हलवतो तशी. तिचा हिशेब सरळ होता. आजवर ज्याने घेतलं त्याने निदान कधीतरी, रडत-रखडत का होईना, काही केलं होतं. जो घेतच नाही त्याला आपण कुठून धरणार? ज्या देशात सही हा हक्क नसून उपकार असतो, तिथे ज्याच्यावर आपला काही भार नाही तो साहेब लोकांना सगळ्यात जास्त परका वाटतो. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

पुढचं काम भाऊंनी केलं. भाऊंना माणसं कळतात. ते मान्य केलंच पाहिजे. ते पाड्यावर गेले, सोनीबाईच्या ओटीवर जमिनीवर मांडी घालून बसले, आणि तिने दुसरा कोंबडा कापला तो नागलीच्या भाकरीबरोबर बोटं चाटत जेवले. जयवंतीला पोरगी म्हणाले, तिला दिवस गेलेत हे कळल्यावर तिच्या हातावर ओवाळणी ठेवली. म्हणाले, "साकव मी देतो. तुमी फक्त ग्रामसभेत आंगठे द्या."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत साकवाचा ठराव झाला. पाड्यातल्या सगळ्यांनी आंगठे दिले. ठरावात साकव होताच, फक्त जागा वेगळी होती. चुन्याच्या खुणांपासून बरंच खाली, पाड्याला डोंगराचा मोठा वळसा पडेल अशा ठिकाणी. तिथे ओढ्यापलीकडे भाऊंनी जमीन घेऊन ठेवलेली होती. नाशिकची, मुंबईची माणसं पावसाळ्यात डोंगर बघायला येतात, त्यांच्यासाठी तिथे बंगल्यांचे प्लॉट पडायचे होते. प्लॉटला वाट हवी होती.

तो ठराव साहेबांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांनी तो पुटपुटत दोनदा वाचला. मग पाड्याच्या लोकांना बोलावून घेतलं. ते आले, पण या खेपेला भाऊंच्या जीपमधून. साहेब खुर्चीतून उठून, अनवाणीच टेबलाच्या अलीकडे आले. समजावून सांगितलं, टेबलावर पेन्सिलीने नकाशा काढला. "ही जागा तुमच्या उपयोगाची नाही. मावशी, सुनेला दिवस आहेत तुमच्या. पावसात एवढा वळसा घालाल? मला फक्त लेखी द्या की जागा बदलली ती तुम्हाला मान्य नाही. पुढचं मी बघतो."

भाऊंचा माणूस दारात उभा होता. मग सोनीबाई बोलली, आवाज न चढवता.

"सायेब, तुमी आमचा खाल्ला नाय. भाऊनी खाल्ला. आमच्या घरात बसून खाल्ला. आमी भाऊसंगं."

साहेबांनी खाकरायला तोंड उघडलं, पण खाकरले नाहीत. खुर्चीत जाऊन बसले आणि टेबलाखाली पायांनी चपला चाचपडत राहिले. मी बाहेरून बघत होते. पंचवीस वर्षं ज्या एका गोष्टीवर त्या माणसाने मान ताठ ठेवली होती, तीच गोष्ट त्या बाईने त्याच्या पुढ्यात गुन्हा म्हणून ठेवली होती. आणि तिच्या बाजूने बघितलं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

त्यांनी ठरावावर विरोधाचा शेरा मारून वर पाठवला. वरून विचारणा आली की लोकांचा एकमुखी ठराव असताना अधिकाऱ्याला हरकत कशाची. मग उन्हाळ्याच्या तोंडावर बदली. नाशिकला, कसल्याशा प्रशिक्षणाच्या विभागात, जिथे ना रांग असते ना सही. फळ्यावरचं त्यांचं नाव काशिनाथने ओल्या फडक्याने पुसलं आणि त्याच जागी पेंटरने नव्या साहेबांचं नाव पिवळ्या रंगात लिहिलं. त्या फळ्यावर निकम साहेब कधी आलेच नव्हते असं आता दिसतं.

साकव पावसाळ्याच्या आधी झालासुद्धा. भाऊंनी मनात आणलं की सरकारी काम किती झपाट्याने होतं हे बघायचं असेल तर तो साकव जाऊन बघावा. कोनशिलेवर भाऊंचं नाव आहे.

श्रावणात जयवंतीच्या कळा सुरू झाल्या. ओढा दोन्ही काठ भरून. घोंगडीची झोळी करून तिला घेऊन माणसं आधी चुन्याच्या खुणांपाशी आली, कारण त्यांच्या पायांना तीच वाट माहीत होती. तिथून उतरता येईना. मग डोंगराच्या वळशाने साकवाकडे निघाली. वाट निसरडी, वर पाऊस. ती साकवापर्यंत पोचली नाही. वाटेतच गेली, पोटातल्या पोरासकट. हे मला काशिनाथने फोनवर सांगितलं आणि फोनवरच तो रडायला लागला. मी साहेबांना कळवलं. कळवायला नको होतं की कळवायलाच हवं होतं, मी अजून ठरवू शकलेली नाही.

पाणी ओसरल्यावर साहेब म्हणाले, "मला घेऊन चला." सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकात आम्ही भेटलो, तिथून जीपने निघालो, पुढे काशिनाथ मिळाला. साहेबांच्या अंगावर तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पण कॉलरला रुमाल नव्हता. ओढा गुडघाभर होता, उतरून गेलो. खडकावरचा चुना केव्हाच धुऊन गेला होता. मला तर ते खडकही ओळखता आले नाहीत, साहेबांना आले.

सोनीबाई ओटीवर बसलेली होती. तिने आम्हाला बघून रडणं काढलं नाही. उठून आत गेली, चूल पेटवली आणि नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा एका ताटलीत घालून साहेबांच्या पुढ्यात ठेवला. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही एवढंच. साहेबांनी ताटली मांडीवर घेतली आणि खायला लागले. एवढ्या दिवसांत त्यांना कुणाच्या हातचं खाताना मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी ताटलीत कणही ठेवला नाही.

सोनीबाई समोर उकिडवी बसून त्यांचा एकेक घास बघत होती. खाणं संपलं तशी ती पुढे सरकली. तिचा चेहरा जरासा उजळला, कोंबडा घेऊन आली होती त्या सकाळसारखा.

"आता खाल्ला ना, सायेब? आता व्हईल आमचा साकव?"

कुणी तिला सांगायचं की हा माणूस आता साहेब राहिलेला नाही? काशिनाथ तोंड फिरवून उभा राहिला. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

परत येताना ते द्वारकेला उतरले, गाड्यांच्या गलक्यात क्षणभर कुठल्या बाजूला जायचं ते न समजून उभे राहिले, मग निघून गेले. मला वाटलं, संपलं.

डिसेंबरात एका सोमवारी मी माझ्या टेबलावर बसले होते. नव्या साहेबांकडे लोकांची रांग होती, व्हरांडा ओलांडून पायऱ्यांपर्यंत. मधेच मान वर केली तर रांगेत निकम साहेब उभे. मी धडपडत उठले, म्हटलं, "साहेब, आत चला, असं काय उभं राहायचं?" त्यांनी मला हातानेच खाली बसवलं. शर्टाच्या खिशात करंजीपाड्याच्या साकवाचा अर्ज दुमडून ठेवलेला दिसत होता. आणि दोन्ही हातांत, छातीशी धरलेली, डाळिंबाची पेटी. सटाण्याची. वर स्वच्छ फडकं टाकलेलं.

नंबर आला. काशिनाथ दारात होता. त्याने पेटीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि पेटी घ्यायला त्याचे हात पुढे येईनात. साहेबच म्हणाले, "आत दे, काशिनाथ. वानवळा आणलाय म्हणावं. घरचा माल शे."

काशिनाथ पेटी घेऊन आत गेला. साहेब दारात उभे राहिले. आतून कोणी बस म्हटलं नाही. ते उगाच हसत होते, आणि ते तोंड मला बघवेना.

रांगेतला एक म्हातारा, त्या वर्षी द्राक्षं खाल्लेला असावा, मान उंच करून दाराकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. पेटी बाहेर आली नाही.